बंद खाणींची इंजिनघरे भंगारात काढू नका

मा. केंद्रीय कोळसा मंत्री यांस,
स. न. वि. वि.

भूमिगत खाण बंद झाली की पंप निघतात, केबल निघते आणि मग हेडगिअर (खाणीच्या तोंडावरचा चाकांचा मनोरा) व वाइंडिंग इंजिन (माणसांची डोली दोराने खाणीत वर-खाली करणारं यंत्र) यांचा लिलाव होतो. गॅस कटर लागला की दोन पिढ्यांनी सांभाळलेलं यंत्र टनाच्या भावाने ट्रकमध्ये चढतं. हे थांबवा, एवढ्यासाठी हे पत्र.

माझे वडील चंद्रपूर भागातल्या एका खाणीत वाइंडिंग इंजिन चालवायचे. खाली उतरणारी माणसं त्यांना दिसत नसत. समोर डोली किती खोल गेली ते दाखवणारा काटा, ड्रमवर रंगवलेली खूण आणि घंटा, एवढ्यावर सगळं. तीन ठोके पडले की डोलीत माणसं आहेत हे समजायचं. मग वेग कमी, डोळे काट्यावर, हात ब्रेकवर. पाळी चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. तेलुगू, छत्तीसगढी, मराठी बोलणाऱ्या कितीतरी घरांचा जीव त्या एका खोलीच्या भरवशावर असायचा.

आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं, आणि ते योग्यच आहे. पण १८७० च्या दशकात तिथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली. वर्ध्याहून रेल्वे आली ती त्या कोळशासाठी. १९०६ मध्ये खाण बंद पडली. आता तिथल्या मुलांना तिच्याबद्दल काय दाखवणार?

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एल्सेकर गावात १७९५ चं पाणी उपसणारं वाफेचं इंजिन आजही आपल्याच घरात, आपल्याच खाणीच्या तोंडाशी उभं आहे. ते १९२३ पर्यंत चाललं. जागेवर आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे.

आपल्याकडे खाण बंद करण्याच्या आराखड्याबाबत मंत्रालयाच्या २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत, त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसेही भरावे लागतात. त्याच आराखड्यात इंजिनघराची नोंद सक्तीची करावी. लिलावाआधी मोजमाप, छायाचित्रं आणि जुन्या ऑपरेटरांच्या मुलाखती व्हाव्यात. लॉगबुकं आणि घंटेच्या संकेतांच्या पाट्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. आणि वर्धा खोऱ्यात किमान एक हेडगिअर त्याच्या इंजिनासह जागेवरच राखावं. सावनेरला वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीने) २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केलं, म्हणजे हे आपल्याला जमतं.

जुने ऑपरेटर आता थकले आहेत. पुढच्या लिलावाची निविदा निघण्याआधी आपला आदेश यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एका वाइंडिंग ऑपरेटरची मुलगी, चंद्रपूर