साडेपाचापासून शून्यापर्यंत

आदरणीय पिरानी डॉक्टर,

आपली ओळख नाही. पण तुमचं आडनाव मी लेकाच्या केसपेपरवर ओळीनं पाच सोमवार वाचलंय.

तो जन्मला तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून. घरात निदान लगेच झालं: मी ग्रहणात भाजी चिरली होती! एका दवाखान्यात म्हणाले, वर्षाचा झाला की ऑपरेशन करू. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाऊल हातात घेतलं, टाच चाचपली, तळव्याची घडी पाहिली आणि लिहिलं, ‘पिरानी स्कोअर 5.5’. पाऊल किती वाकडं आहे ते सांगणाऱ्या सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक गुण. सहा म्हणजे सगळ्यात वाईट. एक्स-रेसुद्धा काढला नाही.

पाऊल थोडं थोडं सरळ करत दर आठवड्याला नवं प्लास्टर. जुनं कोमट पाण्यात भिजवून सोडवताना पोरगं आकांत करायचं, मीही रडायचे. पण आकडा उतरायचा. साडेचार, तीन, दोन... मार्क कमी पडले म्हणून पेढे वाटणारी मी एकटीच असेन.

हे पिरानी कोण, तेही बाईंनीच सांगितलं. जन्म युगांडातला, लहानपणी पोलिओ झालेला, पुढे कॅनडात हाडांचे डॉक्टर. ज्या युगांडातून 1972 मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना हाकलून दिलं, तिथेच तुम्ही वाकड्या पावलांच्या मुलांसाठी परत गेलात. सर्जन मोजकेच, म्हणून डॉ. पोन्सेटींची प्लास्टरची पद्धत तिथल्या डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती दिलीत. हाताला कळेल आणि कागदावर मावेल असं मोजमाप तिथे किती कामी आलं असेल, हे मला आमच्या ओपीडीच्या रांगेत बसून कळलं.

प्लास्टर संपल्यावर पावलं पुन्हा वळू नयेत म्हणून दांडीचे बूट, म्हणजे एका आडव्या दांडीनं जोडलेले दोन बूट. आमचे तेही तिकडच्याच नमुन्याचे. युगांडाची राजधानी कंपाला, तिथल्या कटालेम्वा भागातल्या कारखान्यात चामडं, प्लायवूड आणि लोखंडी सळई वापरून बनवलेले, तसेच. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास! तेव्हा मात्र मी तुम्हा सगळ्यांना मनातल्या मनात बरंच बोलले. त्याबद्दल माफी.

आता तो तीन वर्षांचा आहे. बूट फक्त झोपताना. रात्री स्वतःच घेऊन येतो, एक पाय पुढे करतो आणि म्हणतो, “आई, दांडी.” दिवसभर मात्र चप्पल न घालता अंगणात पळतो आणि आजीच त्याच्या मागे धावते.

तुमची ऋणी,
एक आई