पडवीतल्या शिकवणीबद्दल

रत्नागिरी

ती. आई-बाबा,
सा. न.

वाडीतली दुसरी-तिसरीची मुलं संध्याकाळी आपल्या पडवीत अभ्यासाला येणार हे ऐकून फार बरं वाटलं. बाबा गणित घेणार, आई वाचन. नवे शिक्षक सुरुवातीला जिथे चुकतात आणि पुढे ज्याची हळहळ करतात, ते आधीच कळवते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चुकलेल्या उत्तरावर फुली मारून पुढे जाण्याने. बाबा, ५२ वजा २७ दिलंत तर एखादं मूल ३५ लिहील. ते धांदरट नसतं. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे त्याने मनापासून पाळलेलं असतं, म्हणून ते सातातून दोन काढतं. ‘‘कसं केलंस ते दाखव’’ म्हणा आणि माडाच्या झावळीतल्या हिराच्या काड्या पुढे ठेवा. दहा-दहाच्या पाच जुड्या रबराने बांधलेल्या, दोन सुट्या. सात काढायला सुट्या पुरत नाहीत हे हातालाच कळतं. एक जुडी सोडली की सुट्या बारा, जुड्या चार. त्यातून दोन जुड्या आणि सात सुट्या काढल्या की उरले २५. उसने घेण्याची मांडणी पाटीवर यानंतरच. आधी रीत घोकली, तर ३०२ वजा १४७ करताना मूल मधल्या शून्यापाशी अडतं, कारण तिथे शंभराची जुडी सोडावी लागते हे त्याने पाहिलेलंच नसतं.

प्रश्न विचारलात की थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात; तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात, गप्प मुलंही बोलतात. ‘‘समजलं ना?’’ मात्र विचारू नका, सगळी ‘हो’च म्हणतात. एक नवं उदाहरण द्या.

आई, ‘‘माका येणा नाय’’ म्हणणाऱ्या मुलाला तिथल्या तिथे ‘मला येत नाही’ म्हण, असं सांगू नकोस. ते बोलायचंच थांबेल. वाचनातही वाक्य संपू दे. पुष्कळदा मूल मागे जाऊन स्वतःच सुधारतं. एकेकाला उभं करून वाचायला लावलं तर बाकीची नुसती बसतात, म्हणून जोड्या कर.

पत्र्यावर पाऊस सुरू झाला की आवाज चढवू नका, लिहायला द्या. लावणीच्या दिवसांत मुलं गळतात, तेव्हा नवा भाग काढू नका.

कुणी सांगेल, ‘‘मास्तर, चार फटके द्या.’’ शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने त्याला बंदी आहे. पडवीतही नकोच. घाबरलेलं मूल चुकीचं उत्तर पुसून टाकतं, मग ते कुठे अडलंय हे आपल्याला कळायचं कसं?

काड्या वाळवून घ्या, ओल्या ठेवल्या तर बुरशी धरते. पाट्या आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं मी पाठवते.

तुमची लेक