मात्सुमोतोची गोष्ट ‘चाळिशीनंतरचं यश’ एवढ्यावर संपवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत जपानी कादंबरीकारांवरचा लेख वाचला. त्यात रहस्यकथाकार सेइचो मात्सुमोतोचं नाव बघून फार बरं वाटलं, कारण जपानी साहित्य म्हटलं की तीच दोन-चार नावं फिरत राहतात आणि ज्याची पुस्तकं तिथे घराघरात वाचली गेली तो माणूस राहूनच जातो. पण लेखात त्याच्यावर जो पॅरा होता तो सगळा एकाच सुरात होता, की बघा, गरिबाघरचा मुलगा, शिक्षण अर्धवट, चाळिशी उलटल्यावर लिहायला लागला आणि केवढा मोठा झाला, मग तुम्हीआम्ही का नाही. माहिती बरोबर आहे. पण असं सांगितलं की त्याची पहिली चाळीस वर्षं म्हणजे नुसता वाया गेलेला वेळ वाटतो, कधी एकदा संपतोय असा, आणि माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. त्याच्या कादंबऱ्यांत जे जे भारी आहे ते सगळं त्या चाळीस वर्षांतूनच आलंय, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जन्म 1909 चा, वाढला शिमोनोसेकी आणि कोकुरा या भागात, म्हणजे होन्शू बेटाचं पश्चिम टोक आणि समोर क्यूशू. वडील मिळेल तो धंदा करायचे आणि कुठलाच टिकायचा नाही. 1924 मध्ये प्राथमिक शाळा संपली आणि एका इलेक्ट्रिक कंपनीच्या कोकुरा ऑफिसात हा ऑफिसबॉय म्हणून लागला. चहा देणं, कागद पोचवणं, हेच काम. रस्त्यात जुने वर्गमित्र माध्यमिक शाळेच्या युनिफॉर्ममध्ये दिसले की तोंड चुकवायचा, हे त्याने स्वतःच नंतर आठवणींत लिहिलंय. पुढे लिथोग्राफीच्या छापखान्यात उमेदवारी केली. 1929 मध्ये तर काहीच्या काहीच झालं. याचे वाचनवेडे मित्र डाव्या विचारांची मासिकं वाचायचे एवढ्यावरून पोलिसांनी याला पण उचललं, काही दिवस कोठडीत ठेवलं, आणि सुटून घरी आला तर वडिलांनी याची पुस्तकं जाळून टाकलेली, वाचन बंद. वीस वर्षांचा पण झाला नव्हता तेव्हा.

मग ‘असाही शिंबुन’ या दैनिकाच्या कोकुरा ऑफिसात, जाहिरात विभागात. पत्रकार म्हणून नाही, जाहिरातींचं डिझाइन आणि अक्षरं हाताने काढून छपाईला द्यायची, हे काम. आधी कंत्राटावर आणि 1943 मध्ये कायम. त्या ऑफिसात कोण कुठे शिकला यावर माणसाची किंमत ठरायची आणि टोकियोहून बदलून आलेले साहेब लोक स्थानिक माणसाला कसे वागवायचे, हे त्याने फार बारकाईने लिहून ठेवलंय. रडगाणं म्हणून नाही हं, अगदी थंडपणे, जागच्या जागी. हे लक्षात ठेवा कारण पुढे त्याच्या बऱ्याच कादंबऱ्यांत एक असा माणूस असतोच, ऑफिसात खालच्या खुर्चीवर बसलेला, ज्याला वरचे लोक वापरून घेतात.

युद्धात सैन्यात घेतला, कोरियात वैद्यकीय विभागात होता. परत आला तर घरात आईवडील, बायको, मुलं, सगळे खाणारे आणि पगार पुरेना. तेव्हा त्याने झाडू विकले. खरंच, झाडू. पेपरची नोकरी सांभाळून, सुट्टी मिळेल तेव्हा गच्च भरलेल्या रेल्वेत बसून गावोगाव ऑर्डरी गोळा करत फिरायचा. आता ज्याने ‘तेन तो सेन’ वाचलीय, म्हणजे बिंदू आणि रेषा, त्याला हे वाचून एकदम उलगडा होईल की या माणसाला रेल्वे अशी आतून कशी कळते. कुठली गाडी कुठे किती वेळ थांबते, कुठल्या प्लॅटफॉर्मवरून काय दिसतं, हे त्याच्या अंगातच मुरलं असणार असं मला तरी वाटतं.

पहिली कथा ‘साइगो सात्सु’. 1877 च्या सरकारविरुद्धच्या बंडात, बंडाचा नेता साइगो ताकामोरीच्या बाजूने युद्धाच्या खर्चासाठी छापलेल्या नोटा, त्यांच्यावर. ज्ञानकोशात चाळता चाळता त्याला ही नोंद सापडली आणि एका साप्ताहिकाच्या स्पर्धेसाठी त्याने ती लिहिली, बक्षिसाचे पैसे मिळतील म्हणून. 1950 ची गोष्ट. तिसरं बक्षीस मिळालं. मग 1952 मध्ये ‘आरु कोकुरा निक्की देन’, म्हणजे एका कोकुरा डायरीची गोष्ट, आणि तिला थेट आकुतागावा पारितोषिक, जपानी साहित्यातलं मोठं बक्षीस.

या कथेवर मला थोडं थांबायचंय. मोरी ओगाई हा मोठा लेखक लष्करी डॉक्टर होता आणि 1899 ते 1902 कोकुऱ्यात होता, त्या काळातली त्याची डायरी हरवलेली होती. कथेत एक तरुण आहे, जन्मापासून शरीराने अधू, चालणं बोलणं दोन्ही धड नाही, पण डोकं तल्लख. तो ठरवतो की डायरी नाही ना, मग त्या वर्षांत ओगाईला भेटलेली माणसं शोधायची आणि ती वर्षं पुन्हा जोडायची. त्याची आई त्याच्यासोबत दारोदार जाते. लोक याच्याकडे बघतात आणि नीट बोलत पण नाहीत, याचा उपयोग काय असं विचारतात. तो 1950 मध्ये मरतो, आणि 1951 मध्ये ती डायरी टोकियोत सापडते. खरी डायरी खरंच तेव्हा सापडली होती. मात्सुमोतो शेवटी दोनच वाक्यांत सांगतो की त्याला हे कळलं नाही हे बरं की वाईट ते ठरवता येत नाही, आणि कथा संपते. आता जो माणूस स्वतः चाळिशी ओलांडून, खालच्या पदावर, रात्री जागून लिहीत होता त्यानेच हे लिहिलंय. “कष्ट करा, फळ मिळेल” असं म्हणणारा माणूस हे लिहील का?

गंमत म्हणजे ही कथा आधी नाओकी पारितोषिकासाठी, म्हणजे लोकप्रिय लेखनासाठी, विचारात होती आणि तिथून ती आकुतागावाकडे, शुद्ध साहित्याच्या बाजूला, पाठवली गेली. निवड समितीत अंगो साकागुची हा लेखक होता, त्याने लिहिलं की इथे डायरीचा माग काढलाय म्हणून लेखन शांत आहे, पण या लेखणीत खुन्याचा माग काढायची पण ताकद आहे. रहस्यकथांकडे तो अजून वळला पण नव्हता! मला हा अभिप्राय वाचला की दरवेळी भारी वाटतं, वाचणारा असावा तर असा.

आणि झालं पण तसंच. 1955 मध्ये ‘हारिकोमी’ आली, म्हणजे पाळत. एक पोलीस क्यूशूतल्या एका गावात एका घरासमोरच्या लॉजवर खोली घेऊन बसतो, कारण फरार खुनी आपल्या जुन्या प्रेयसीला भेटायला येईल असा त्याचा अंदाज असतो. ती आता दुसऱ्याची बायको, नवरा वयाने मोठा आणि चिक्कू, सावत्र मुलं सांभाळतेय, रोज तेच धुणं, तोच बाजार, चेहऱ्यावर काहीच नाही. पोलीस दिवसच्या दिवस हेच बघतो आणि वाचणारा पण. मग तो माणूस येतो आणि ही बाई काही तासांसाठी एकदम जिवंत होते, हसते, बोलते. अटक होते. आणि पोलीस तिला काय सांगतो, की आता लगेच बस पकडून घरी जा, नवरा यायच्या आत पोचाल. बस्स. कोणी भाषण देत नाही, पण त्या एका वाक्यात तिचं पुढचं सगळं आयुष्य दिसतं. ही छोटीशी कथा मला त्याच्या बऱ्याच जाड कादंबऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

1956 मध्ये त्याने ‘असाही’ची नोकरी सोडली. 1957 मध्ये ‘तेन तो सेन’ सुरू झाली, ती पण ‘ताबी’ नावाच्या प्रवासाच्या मासिकात. फुकुओकाजवळ काशिईच्या किनाऱ्यावर एक जोडपं मेलेलं सापडतं, सायनाइड, सगळ्यांना वाटतं प्रेमातून केलेली आत्महत्या. पुरुष एका मंत्रालयातला मधल्या फळीतला अधिकारी आणि त्या मंत्रालयात भ्रष्टाचाराची चौकशी चालू. म्हणजे हा मेला की वरचे सुटले. तोरिकाई नावाचा तिथला म्हातारा पोलीस, जुनाट कोटातला, त्याला मेलेल्या माणसाच्या खिशात रेल्वेच्या डायनिंग कारची पावती मिळते, एकाच माणसाच्या जेवणाची. तो अडतो तिथे. प्रेमात मरायला निघालेली जोडी आणि हा एकटाच जेवला? घरी जाऊन मुलीला विचारतो, पोट भरलेलं असलं आणि तुझा होणारा नवरा जेवायला चल म्हणाला तर काय करशील. ती म्हणते, जाईन आणि कॉफी तरी घेईन. अख्खी केस इथून हलते! आणि टोकियो स्टेशनचा तो प्रसिद्ध चार मिनिटांचा खेळ, की 13 नंबर प्लॅटफॉर्मवरून 15 नंबरला उभी असलेली आसाकाझे एक्स्प्रेस दिवसभरात फक्त संध्याकाळी 5.57 ते 6.01 एवढाच वेळ दिसते, बाकी वेळ मध्ये दुसऱ्या गाड्या. हे त्या वर्षाच्या खऱ्या टाइमटेबलवरून घेतलंय. एक दोष मात्र आहेच, विमानाची शक्यता डिटेक्टिव्हच्या डोक्यात यायला भलताच उशीर लागतो, चिडचिड होते. पण त्या पावतीसाठी मी ते माफ केलंय.

याआधी जपानी रहस्यकथा म्हणजे बंद खोल्या, जुने वाडे, विचित्र खून असा बराचसा प्रकार होता. तो म्हणायचा की मला रहस्यकथेला भुताच्या घरातून बाहेर काढायचं होतं. खून कसा झाला याच्यापेक्षा माणूस खुनापर्यंत का पोचला हे त्याला हवं होतं, आणि ते ‘का’ नेहमी समाजात कुठेतरी असतं, ऑफिसात, युद्धानंतरच्या उपासमारीत, लपवलेल्या भूतकाळात. ‘सुना नो उत्सुवा’, म्हणजे वाळूचं भांडं, ही कादंबरी 1960-61 मध्ये योमिउरी पेपरच्या संध्याकाळच्या अंकात रोज येत होती. त्यात इमानिशी नावाचा डिटेक्टिव्ह कामाता रेल्वे यार्डातल्या खुनाचा माग काढत गावोगाव जातो आणि शेवटी कुष्ठरोग झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना जपानी समाजाने कसं वागवलं इथे येऊन पोचतो. पुढचं सांगत नाही, वाचायचीय लोकांना.

नंतर त्याने नुसत्या कादंबऱ्या पण ठेवल्या नाहीत. 1960 मध्ये ‘निहोन नो कुरोई किरी’, म्हणजे जपानवरचं काळं धुकं, लिहिली, अमेरिकन ताब्याच्या काळातल्या न उलगडलेल्या घटनांवर, उदाहरणार्थ 1949 मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिमोयामा रुळांवर मेलेले सापडले ती. बऱ्याच ठिकाणी त्याचं बोट अमेरिकन गुप्तचरांकडे जातं. शोहेई ओओका या कादंबरीकाराने टीका केली की हा सगळीकडे कटच बघतो. मला ओओकाचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही, पण ज्या गोष्टींवर सगळे गप्प होते त्यांची कागदपत्रं काढून सामान्य वाचकासमोर ठेवणारा हाच होता. 1964 ते 1971 ‘शोवाशी हाक्कुत्सु’, म्हणजे शोवा काळाच्या इतिहासाचं उत्खनन, ही लेखमाला साप्ताहिकात चालली, त्यातला मोठा भाग 1936 च्या 26 फेब्रुवारीच्या लष्करी बंडावर. प्राथमिक शाळेतच शिक्षण संपलेला माणूस इतिहासकारांचं काम करत होता.

तरी पण त्याला ‘साहित्यिक’ मानायला लोक कचरत होते. साठच्या दशकात एका मोठ्या प्रकाशनाच्या जपानी साहित्य संचात याला घ्यायचं की नाही यावर वाद झाला, प्रसिद्ध लेखक युकिओ मिशिमाने कडक विरोध केला आणि मात्सुमोतो बाहेर राहिला. त्याला लागलं असणारच. पण तो लिहीत राहिला, इतकं की हात धरला आणि काही वर्षं स्टेनोला सांगून लिहून घ्यावं लागलं. 1992 च्या ऑगस्टमध्ये वयाच्या 82 व्या वर्षी गेला तेव्हा पण साप्ताहिकातली एक कादंबरी अर्धी राहिलेली. आता कोकुऱ्यात त्याचं स्मारक संग्रहालय आहे, तिथे त्याचं टोकियोतलं घर, अभ्यासिका आणि हजारो पुस्तकांची लायब्ररी जशीच्या तशी उभी केलीय. आणि मियुकी मियाबेसारख्या आजच्या मोठ्या लेखिकेने त्याच्या निवडक कथांचे तीन खंड संपादित केलेत, म्हणजे लिहिणारे त्याला विसरलेले नाहीत.

तर माझी विनंती अशी आहे. पुरवणीत त्याच्यावर परत लेख छापाल तेव्हा वयाचं आणि खपाचं जरा कमी आणि कथांचं जास्त येऊ द्या. आणि जमलं तर जपानी येणाऱ्या कुणाकडून, इंग्रजीवरून नाही, थेट जपानीतून ‘हारिकोमी’ मराठीत करून घ्या. छोटी कथा आहे, रविवारच्या तीन-चार अंकांत आरामात बसेल. ‘सुना नो उत्सुवा’ रोजच्या पेपरमधून लाखो लोकांनी हप्त्याहप्त्याने वाचली होती, तेव्हा पेपर ही काही त्याला परकी जागा नाही. कथा छापलीत तर सोबत ‘प्रेरणादायी’ वगैरे चौकट मात्र टाकू नका प्लीज, थेट कथाच सुरू करा.

आपला,
एक नियमित वाचक