ग्रंथालय सूचना : शनिवारी ई-नियतकालिकांचे प्रात्यक्षिक

सर्व प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी,

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आपल्यासारख्या सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. तरीही ‘सर, एवढी पीडीएफ मिळेल का?’ असे विचारत रोज कोणीतरी काउंटरवर येतेच! म्हणून येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता ग्रंथालयाच्या संगणक कक्षात प्रात्यक्षिक ठेवले आहे.

– ओळखपत्र आणावे. संगणक मोजकेच आहेत, लॅपटॉप असल्यास उत्तम.
– अख्खे अंक एका दमात डाउनलोड करू नयेत. प्रकाशकाच्या सर्व्हरला ते कळते आणि सगळ्या कॅम्पसचाच प्रवेश बंद होऊ शकतो. गेल्या सत्रात ऐन प्रबंध सादर करण्याच्या दिवसांत आपण हे भोगले आहे.
– पासवर्ड कोणालाही देऊ नये, मित्रालाही नाही.
– जुने प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यासाठी थांबायची गरज नाही.

– ग्रंथपाल