पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, त्याची गोष्ट

महोदय,

'पुस्तक द्यायचं नि घ्यायचं, त्याला पदवी कशाला?' असं आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी परवा मला ऐकवलं. तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात मी 19 वर्षं काम करते. आधी ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा दिली, मग नोकरी आणि घर सांभाळत बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली.

मेमध्ये मी रजेवर होते. बदलीवर आलेल्या मुलाने हौसेने सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. दिसायला अगदी झकास! पण पुस्तकांवरच्या विषयवार क्रमांकांत 891.461 म्हणजे मराठी कविता, 891.463 म्हणजे कादंबरी, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एका आजोबांना हवा असलेला कवितासंग्रह तीन दिवसांनी लोणची-मुरंब्यांच्या पुस्तकांत सापडला. चूक त्याची नाही, बिनशिक्षणाचा माणूस स्वस्तात बसवणाऱ्यांची आहे.

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्गही ठरलेले आहेत. अर्हता मागता तर पगारही तसा द्या. माझा पगार अनुदानाचा हप्ता येईपर्यंत अडकतो, आणि वाळवीचं औषध मात्र मीच पदरमोड करून आणते.

- एक ग्रंथपाल