चिमे, त्या पातेल्याचं तुलाच सांगते

२० नोव्हेंबर २०२५
अहिल्यानगर (हात अजून नगरच लिहितो)

प्रिय चिमे,

सप्रेम सलाम.

मार्चपासून तुला एक ओळ नाही. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला येते म्हणाले आणि आले नाही. काय बोलायचं ते भेटल्यावर बोल, आधी हे वाच. माझी साखर गोळ्यांवर आहे, बीपी बरं आहे, यांचा डावा कान आता पुरता गेला. आमच्या तब्येतीचं एवढंच.

छोटीचं तुझ्या कानावर आलंच असेल, नाशिकला बातमी आमच्या आधी पोचते. मुलगा तिच्याच ऑफिसातला, पुण्यात. घर पारनेरकडचं, वारकरी, तीन पिढ्यांचे माळकरी. लेकाने मला हे सांगितलं तेव्हा मी शेंगोळ्यांचं पीठ मळत होते. हात पिठात तसाच राहिला आणि तोंडातून पहिला शब्द काय निघाला असेल? "तो बाप्तिस्मा घेणार आहे का?" चिमे, बोलले आणि माझाच आवाज मला ५२ वर्षांपूर्वीचा ऐकू आला. तुला हेच विचारलं होतं ना मी, बोर्डिंगच्या विहिरीपाशी, अगदी याच स्वरात?

छोटी म्हणाली, "नाही घेणार, आजी. आणि मीही माझं काही सोडणार नाही." पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, दोघांतलं एक ख्रिस्ती असलं तरी १८७२ च्या कायद्याने चर्चमध्ये लग्न लागतं. पण पोरांचं ठरलंय, रजिस्टरच करायचं, म्हणजे कुणाच्या घरावर कुणाचं वजन नको. १९५४ चा कायदा, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. हे सगळं तुला मी काय सांगणार! "तीन साक्षीदार" ऐकलं आणि मी उठून आत गेले. १९७३ साली मी कबूल करूनही आले नाही आणि तू कचेरीबाहेरच्या चहावाल्याला तिसरा म्हणून उभं केलंस. नंतर तो तुमच्याकडे दर दिवाळीला हक्काने फराळाला यायचा, हे तू सांगितलंस तेव्हा आपण किती हसलो होतो. पण मी का आले नाही ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. वडिलांची भीती होती हे खरं. पण नुसती तेवढीच नव्हती. तू त्या घरात निघालीस याचाच मला राग होता. शेवगावकडे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, तेव्हा वाड्यावर मला ताक आणायला पाठवायचे. मी तांब्या धरायचा आणि त्यांनी हातभर उंचावरून ओतायचं. निम्मं ताक मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाचा हात काही खाली आला नाही. आणि तू तसल्याच एका वाड्यात आपणहून सून म्हणून चाललेली. मला वाटायचं, आता ताकाचा तांब्या हिच्या हातात.

असो. आता मूळ गोष्ट.

परवाच्या शनिवारी, १५ तारखेला, मुलाकडची मंडळी आमच्याकडे जेवायला आली. मुलगा, त्याची आई आणि त्याची आजी. वडील आळंदीला दिंडीबरोबर गेलेले. आळंदी म्हणताच तुझ्या लक्षात आलं असेल, आमच्या लक्षात काही आलं नाही. पोरांनी आपल्या सुट्टीचा शनिवार बघितला, आम्ही पोरांकडे बघितलं, कॅलेंडरकडे कुणीच नाही.

आदल्या दिवशी मी एकटीच बाजारात जाऊन तीन नवी पातेली आणली. सून म्हणाली, "आई, घरात भांडी काय कमी आहेत?" मी म्हटलं, जुनी पोचे पडलेली आहेत. खरं कारण तुला कळेल. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलंच, की या घरातल्या भांड्यांत मटण शिजतं, तर मला छातीठोक सांगता यावं की बाई, ही कोरी आहेत. आणि घरी येताना रिक्षात डोळ्यांत पाणी आलं. सत्तरी ओलांडली, दोन पिढ्यांना शिकवलं, आणि अजून मी माझीच भांडी लपवतेय.

पहाटे पाचला उठले. शास्त्र वाचलं, प्रार्थना केली, पण प्रार्थनेतही डाळ शिजतच होती. पुरण वाटून ठेवलं, कटाची आमटी केली, कांदा-लसूण कशातच नाही. बटाट्याची भाजी, कुरडया, भजी, भात. अकरा पोळ्या झाल्या तेव्हा दारात गाडी थांबली.

म्हातारी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, अंगाने काडी. ताटं मांडली. हे उठून उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे प्रार्थनेला लागले. तुला माहीत आहे, कान गेल्यापासून यांची प्रार्थना गल्लीला ऐकू जाते. अन्नासाठी, पाहुण्यांसाठी, दोन्ही घरांसाठी मागितलं आणि असं "आमेन" म्हणाले की मुलाने दचकून तांब्या सांडला. आणि मग म्हातारी हलकेच म्हणाली, "बाई, आमची आज एकादशी हाय."

चिमे, त्या क्षणी माझ्या मनगटावर ताक सांडलं बघ. मी मनाशी म्हटलं, झालं. एकादशी कसली, हे निमित्त आहे. मुलाची आई वरमली, "मी यांना म्हणत होते फोन करून सांगू" असं काहीसं पुटपुटली. मी आत गेले ती कॅलेंडर बघायलाच. कार्तिक वद्य एकादशी, लाल अक्षरात. तरी मन मानेना.

तेवढ्यात म्हातारी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात! कुणी बोलावलं नाही, दारात थांबली नाही. पाटावर बसली आणि म्हणाली, "भगर हाय का घरात? वाईच टाका. दाण्याची आमटी म्या सांगते तशी करा." पाणी मागितलं, माझ्या हातून पेला घेतला, तोंडाला लावून प्यायली. तुझ्या सासूबाईंनी तुला तीन वर्षं ज्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, तसला उंबरा ही बाई माझ्या घरात सहज ओलांडून आली होती.

आता पाप ऐक. तीन नव्या पातेल्यांपैकी एकात आमटी, एकात भात, एकात उरलेलं पुरण. कढईत भज्यांचं तेल. फळीवर मोकळं होतं ते फक्त जर्मनचं पातेलं, तुला माहीत असलेलं. यांच्या आईचं. दर रविवारी उपासनेला निघण्याआधी मी ज्यात मटण मंद आचेवर ठेवते, काळा मसाला घालून, ते. घासलेलं लख्ख, पण तेच. पुरण ताटात काढून ठेवायला मला दोन मिनिटं लागली असती. नवं पातेलं धुऊन भगरीला घेता आलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. आणि माझा हात फळीकडे गेला.

म्हातारी शेजारी बसून सांगत होती. भगर आधी कोरडी भाजा, मग धुवा, तुपात जिरं आणि हिरवी मिरची, हळद नको, मोहरी नको. दाण्याच्या कुटात दोन आमसुलं. तिने इतकं जपून सांगावं, हळदीसुद्धा टाळावी, आणि मी तिचा उपास त्या पातेल्यात शिजवत उभी. तिने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला शनिवारपासून सांगतेय. पण तुला कबूल करते, त्या वेळी पोटात कुठेतरी गोड वाटलं. वाड्यावरची सगळी ताकं फिटली असं वाटलं. आणि ज्या बाईशी फेडलं तिने माझं काहीही घेतलेलं नव्हतं.

दोनदा मागून खाल्लं तिने. "तुमच्या हाताला चव हाय" म्हणाली. जेवणानंतर यांनी आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं, तर ती मांडीवर ताल धरून बसली. लहानपणी तिच्या गावात ख्रिस्ती कीर्तनकार यायचे म्हणे, ती आईच्या कडेवर बसून ऐकायची. यांनी लगेच सुरू केलं, टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, आपलं मूळ एकच. नाना प्रकारे ओरडून सांगितलं. म्हातारी हसून म्हणाली, "पूल हाय तर दोन्हीकडून जाता येतंय की." मला ते शब्द टोचले. पुलावर आलेल्या पाहुणीला मी काय वाढलं!

पाच रात्री झोप नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय मी ३० वर्षं रविवारच्या शाळेत शिकवला. अन्नामुळे माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं पौल म्हणतो. मुलांना मी विचारायचे, इथे मोठं काय, खाण्याचा हक्क की भावाचं मन? सगळे हात वर करायचे. आता मीच मागच्या बाकावर बसलेय. एकदा वाटतं, धुतलेल्या धातूला कसलं पाप, मूर्ती म्हणजे काहीच नाही हेही पौलानेच त्याच अध्यायात म्हटलंय. लगेच वाटतं, ते ज्ञान माझं, उपास तिचा.

सांगू कुणाला? यांना सांगायचं तर ओरडावं लागेल, छोटी पलीकडच्या खोलीत आणि पलीकडच्या घरात ती चौकस बाई. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते माझ्यासाठी प्रार्थना करतील आणि बहुधा विषय मंडळीच्या प्रार्थनेत जाईल, नाव न घेता, म्हणजे सगळ्यांना कळेल. लेकाला सांगितलं तर तो हसेल. छोटीला? ती शनिवारी रात्री माझ्या गळ्यात पडून रडली, "आजी, तू आजींना स्वयंपाकघरात बसवून घेतलंस!" मी बसवून घेतलं म्हणे. तिथेच तिने विचारलं, "साक्षीदार म्हणून सही करशील?" मी हो म्हटलं. या वेळी जाणार आहे, चिमे. ताप असला तरी जाणार आहे.

आता तुझं. सून बाळंत होऊन गेली का? काठी सोडलीस की नाही? तू पाठवलेली द्राक्षं मिळाली होती, तेही कळवलं नाही. धाकट्याची बदली झाली का?

आणि हो, यंदा चर्चमधल्या हंगामाच्या सणात आमच्या परसातला भोपळा वाहिला होता. लिलावात यांना आकडा ऐकू येईना, आपल्याच बोलीवर आपणच चढत गेले आणि स्वतःचा भोपळा ४०० रुपयांना घरी घेऊन आले. मंडळीने टाळ्या वाजवल्या, यांना वाटलं भोपळ्यासाठी. त्याचे घारगे आठवडाभर खातोय.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार ३० तारखेला आहे. त्या आठवड्यात करंज्यांचं सारण करीन, नानकटाईचं पीठ बेकरीत भाजायला देईन. मनात आहे की नाताळाआधी डबा घेऊन पारनेरला जावं, एकटीने, आणि त्या म्हातारीच्या पाटाशी बसून सांगावं. सगळं नव्या भांड्यात केलेलं नेईन, आणि त्या जुन्या पातेल्याचंही सांगेन. पण मी माझं मन हलकं करायला जाईन आणि तिच्या वयात तिच्या व्रताला धक्का बसेल. तिने नको म्हटलं तर छोटीचं काय? आणि न सांगता तिच्याशी विहीणपणा करायचा, तिने दर वेळी माझ्या हाताची चव वाखाणायची, तेही मला सोसणार नाही.

म्हणून तुला विचारते, आणि हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाई बाजाराला गेल्या असताना तू त्यांच्या सोवळ्यातल्या लोणच्याच्या बरणीत मुद्दाम हात घातला होतास. मला पत्रात लिहिलं होतंस, आठवडाभर हसू आवरत नाही म्हणून. ते पत्र माझ्याकडे आहे. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुझ्या हातचाच घास घ्यायच्या, दुसऱ्या कुणाचा नाही.

चिमे, बरणीचं तू त्यांना सांगितलं होतंस का? सांगितलं असलंस तर त्या काय म्हणाल्या? आणि नसलंस, तर त्या गेल्यावर तुला झोप लागली का?

सारण करायला बसण्याआधी उत्तर पाठव. किंवा सरळ तारकपूरची गाडी धर, हे उतरवून घ्यायला येतील. मोठ्याने हाक मार म्हणजे झालं.

तुझी,
घंटा