तुलना अर्धीच राहिली

‘भारतात ओळखपत्र दाखवूनच मतदान होते, मग अमेरिकेत त्याला विरोध का?’ हा अमेरिकेतील मतदार ओळखपत्राच्या वादावरील लेखातला सवाल वाचला. सवाल रास्त आहे, पण तुलना अर्धीच आहे. आपल्याकडे १९९३पासून निवडणूक आयोगच मतदाराला छायाचित्र असलेले ओळखपत्र देतो. ते हाताशी नसेल तर छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक, पेन्शनची कागदपत्रे, अगदी ‘मनरेगा’चे जॉब कार्डही चालते. अमेरिकेत असे राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. कोणता कागद ग्राह्य, हे प्रत्येक राज्य ठरवते. टेक्सासच्या २०११च्या कायद्याने पिस्तूल बाळगण्याचा परवाना मान्य केला, सरकारी विद्यापीठाचे विद्यार्थी-ओळखपत्र मात्र नाकारले! (यात विद्यार्थ्यांपेक्षा पिस्तूलधारकांची सोय पाहिली, हे वेगळे सांगायला नको.) इंडियाना राज्याचा छायाचित्र-ओळखपत्राच्या सक्तीचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये वैध ठरवला खरा, पण त्या राज्यात मतदान केंद्रावर तोतया मतदार आल्याचा एकही पुरावा न्यायालयापुढे नव्हता. अमेरिकेतल्या आक्षेपाचा मुख्य रोख कागदांच्या या निवडीवर आहे. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.

– एक वाचक, ठाणे